तेरा टिळ्यांची साक्ष

मित्रांनो, मी हातकागदाची एक जुनी स्वाक्षरीवही आहे. वर्ध्यात चिंध्यांच्या लगद्यातून माझी पाने घडली. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघे गावच्या कोकिळेने १९७२ साली मला विकत घेतले, ते एकाच ध्यासापायी. ‘कॉपर लँटर्न्स’ नामक चार इंग्रज रॉक वादक तिला रेडिओमुळे प्राणप्रिय झाले होते. ते मद्रासहून रेल्वेने दिल्लीस जाणार, हे वृत्त तिने वाचले आणि मला उराशी धरून ती वर्धा स्थानकावर उभी राहिली.

गाडी आली. तिघांनी खिडकीतून प्रसन्न मुद्रेने स्वाक्षऱ्या केल्या. चौथा, ड्रम वाजविणारा, लेखणी हाती घेतो तोच गाडी हलली. कोकिळा फलाटावरून धावू लागली. त्याने हेलकाव्यातच आपले नाव रेखाटले आणि मला तिच्याकडे फेकले. ती तिरपी अक्षरे घेऊन मी तिच्या ओंजळीत विसावले. माझा खरा जन्म तोच!

त्या दसऱ्याला तिच्या आईने, सुलोचनाबाईंनी, पोथ्यांसमवेत मलाही पाटावर मांडले आणि नेमका त्या तिरप्या स्वाक्षरीवर कुंकवाचा टिळा लावला.

“काय करून ठेवलं वं माय! सारी सही खराब केली!” कोकिळा रडकुंडीला आली.

“बाप्पा! विद्येची वस्तू हाय. बिनपूजेची ठेवू काय?”

कोकिळेने मला पेटीत कुलूपबंद केले. परंतु किल्ल्यांचा जुडगा सुलोचनाबाईंच्याच कमरेला होता. दर दसऱ्याला त्या मला गुपचूप बाहेर काढीत, जुन्या टिळ्याखाली नवा लावीत आणि पुन्हा पेटीत निजवीत.

१९८५ च्या जानेवारीत वर्ध्यात छंदांचे प्रदर्शन भरले. तो वाद्यवृंद केव्हाच विखुरला होता, ड्रमवादक निवर्तला होता. त्यांच्या स्वाक्षऱ्या आता दुर्मिळ झाल्या होत्या. कोकिळा शाळेत शिक्षिका झाली होती. प्रदर्शनासाठी मला पेटीतून काढताना टिळ्यांची रांग पाहून ती आईवर चिडली, तरी तिने मला तिथे मांडलेच. परीक्षक मोतीलालजींनी त्या वादकांच्या गाण्यांच्या एका तबकडीच्या वेष्टनावर छापलेल्या स्वाक्षऱ्या माझ्या पानाशेजारी ठेवल्या.

“बाई, चौथी सही जुळत नाई. कोनी काल-परवा काढली काय?”

“चालत्या गाडीत केली हो त्यानं!”

“मंग पलाट तिकीट दाखवा!” गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला. हशा पिकला. स्वतःच्याच विद्यार्थिनींसमोर कोकिळा खोटी ठरत होती. तिची मान खाली गेली.

तेवढ्यात सुलोचनाबाई पुढे सरसावल्या. “भाऊ, टिळे मोजा. पह्यला सहीवरच हाय, सही झाली त्याच सालचा. मंग दर दसऱ्याले एक.”

मोतीलालजींनी भिंग घेतले. टिळे तेरा भरले. शेवटचा लालभडक, वरवर जावे तसा प्रत्येक अधिक फिका, आणि सर्वांत वरचा पार तपकिरी, त्याच्या थराखाली चौथ्या सहीची शाई स्पष्ट! ते मोठ्याने हसले.

“नकली सही करनारा तेरा वर्षं तिची पूजा करत बसन काय? सही खरी हाय! पह्यलं बक्षीस ह्याच वहीले!”

टाळ्यांच्या कडकडाटात कोकिळेने मला आईच्या हाती दिले आणि तिचे पाय धरले. “पेटीले आता कुलूप नाई लावत, माय.”

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी तो कोणाच्या बोटाचा आहे, एवढे अवश्य विचारा. माझ्या पानावर पुढे चौदावा टिळा उमटला. तो कोकिळेच्या बोटाचा आहे.