कपाटामागची भेग

यामिलेच्या वर्गात सगळ्यांचे प्रबंधाचे विषय ठरले होते. स्थापत्य अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष, आणि विषय द्यायला शुक्रवारपर्यंतची मुदत. हिचाच तेवढा राहिला होता. आर्बेलाएस सरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तू राहतेस तो डोंगरउतारच का नाही घेत? तो सरकतोय की नाही, अजून कोणी मोजलेलं नाही."

घरी तिने आईला सांगितलं. ओफेलिया मक्याच्या पिठाच्या अरेपा भाजत होती. तिचा हात तव्यावरच थांबला.

"वेड लागलंय का तुला? तू लिहिणार डोंगर सरकतोय, आणि नगरपालिकेची माणसं येऊन दारावर घर पाडायची लाल फुली मारून जाणार. पलीकडच्या वस्तीचं काय झालं, विसरलीस? तुझ्या बाबांनी एकेक वीट खांद्यावरून वर आणलीये."

"सरकत नसेल तर तसंही लिहीन ना, आई."

"आणि सरकत असेल तर?"

यामिलेने करपू लागलेली अरेपा उलटली.

वस्तीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी शेजारचे एवेलियोकाका पायऱ्यांवरच बसले होते. "काय इंजिनियरबाई, आमची घरं कधी पाडताय?" ते हसत म्हणाले, पण तिला वाट द्यायला काही हलले नाहीत. ती अंग चोरून कडेने वर गेली.

गुरुवारी तिने दुसराच विषय देऊन टाकला: विटांच्या चुऱ्याचं काँक्रीट. सर नुसते "बरं" म्हणाले. सुटले असं वाटायला हवं होतं, पण परत येताना ती सारखी उताराकडेच बघत होती.

घरात आई स्टुलावर उभी होती, हातात थापी. स्वयंपाकघराच्या भिंतीतली भेग ती सिमेंटने भरत होती.

"हे कधीपासून?"

"तू पहिलीत होतीस तेव्हापासून. भरते, रंग देते. पावसानंतर पुन्हा फाकते."

दर नाताळला ही भिंत नव्याने रंगायची. यामिलेला वाटायचं, आईला सणाची हौस.

"मला कधी बोलली नाहीस!"

"बोलून काय करणार होते? जायचं कुठे?"

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या खोलीबाहेर उभी राहिली. "सर, विषय बदलायचाय. उतारच घेते."

"काल काय झालं होतं?"

"काल भीती वाटत होती."

"आणि आज?"

"आज जास्त वाटतेय."

सरांनी कागदावर सही केली आणि तिच्या हातात काचेच्या पातळ पट्ट्या ठेवल्या. भेगेवर पट्टी पक्की चिकटवायची. भिंत हलली की काच तडकते.

घरी पट्टी लावली आणि आईने बोलणंच टाकलं. ताट पुढ्यात सरकवायची आणि निघून जायची. मात्र सकाळी उठल्या उठल्या ती आधी काचेपाशी जाऊन बघते, हे यामिलेने पाहिलं होतं.

रविवारी ओफेलियाने अ‍ॅप्रन सोडला. "चल. एका भिंतीवरून काय कळणार? एवेलियोकडेही भेग आहे, कपाटामागे. त्यांच्या बायकोने लपवलीये."

एवेलियोंनी दार अर्धंच उघडलं. ओफेलिया दारातच उभी राहिली. "आधी माझ्या घरात लावलीये. आता तुमच्याकडे लावू द्या."

ते पट्टीकडे बघत दारातून बाजूला झाले. मग कपाटाला खांदा लावत पुटपुटले, "लाव. पण पोरी, माझं नाव घालू नकोस तुझ्या प्रबंधात."

"नाही घालणार, काका," यामिले म्हणाली. आईने काच भेगेवर धरली, आणि तिने ती पक्की चिकटवली.