कमरेवरची खपली

कपाळ.

तापलेलं. कुरणात गवत कापता कापता गवतवाल्याच्या हातातला विळा गळून पडला आणि तो पेंढ्यांवरच आडवा झाला. बायकोने कपाळाला हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि नवऱ्याला गवताच्या गाडीत घालून दवाखान्यात आणलं.

डोळे.

लाल.

"डोकं दुखतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फुटतंय, बाई."

"मलेरिया असेल, टायफॉइड असेल, नाहीतर गवतातल्या किड्याचा ताप. सुरुवातीला सगळे सारखेच दिसतात. पण किडा चावला असेल तर बहुतेकदा कुठेतरी काळी खपली सापडते. सापडली, की औषध आत्ताच. सदरा काढा."

काढला. मान, पाठ, काखा. काही नाही.

"आता नाडी सोडा."

"नाही!"

कंबर.

गवतवाल्याने नाडी दोन्ही मुठींत आवळली. त्याला कारण होतं. गेल्या साली त्याच्या विडीने चाऱ्याची अख्खी गंजी जळाली होती. "पुन्हा विडी ओढलीत, तर म्हैस घेऊन माहेरी जाईन," असं बायकोने तेव्हाच बजावलं होतं. आणि परवा ती गोठ्यामागे अवचित समोर आली, तेव्हा त्याने पेटती विडी कमरेला खोचली होती. चर्र झालं, तरी तो हसत उभा राहिला होता.

"तू बाहेर जा," तो बायकोला म्हणाला.

"का? मी काय आज नव्याने बघणार आहे?"

"जा म्हणतो ना!"

"इथे जीव चाललाय आणि ह्यांना लाज सुचतेय!" तिने हिसका दिला. गाठ सुटली.

डावीकडे काळी खपली. भोवती लाल कडं.

"विडी!" बायको किंचाळली.

"नाही हो ताई. दिसते तशी, पण ही किड्याचीच." बाईंनी दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"अजिबात नाही," गवतवाला म्हणाला. ही खपली त्याला स्वतःलाही नवीन होती.

"मग सापडला ताप."

गवतवाल्याच्या अंगात एकदम बळ आलं. "ऐकलंस? उठसूट माझ्यावर संशय!" एवढ्यावर तोंड मिटलं असतं, तर संसार सुखाचा होता. पण तो आपणहून कुशीवर वळला. "ही उजवीकडची पण बघून घ्या, बाई. दोन किडे होते."

बाईंनी बोट टेकवलं.

"आई गं!"

"किड्याची दुखत नसते," बाई म्हणाल्या. "ही भाजल्याची."

म्हैस.

बायकोने त्याला पुन्हा गाडीत घातलं. घरी आणून गोळी दिली, पाणी दिलं, पांघरूण घातलं. मग म्हणाली, "ताप उतरला की जाते."

औषध बरोबर लागू पडलं. ताप उतरला, कण्हणं तेवढं वाढत गेलं. पुन्हा दाखवायला गेला, तेव्हा गवतवाला दवाखान्याच्या पायरीवर कढत चहाचा घोट तोंडात धरून बसला, आणि नंबर लागताच गिळून आत शिरला.

"अजून फणफणलोय, बाई. लावा थर्मामीटर." त्याने आ वासला.

बाईंनी त्याच्या मिशीवरचा चहा पाहिला.

"काखेत लावू," त्या म्हणाल्या.

बाहेर म्हैस रेकली. तिचं दावं बायकोच्या हातात होतं.