मिस अर्लीनचं ‘आपण’

एप्रिल लागला की इथल्या पाइनवृक्षांचा पराग सुटतो आणि मोटारींच्या टपांवर, टपालपेट्यांवर, अंगणातल्या खुर्च्यांच्या हातांवर हळदीसारखा पिवळा, मऊ थर चढतो. आणि त्या थरावर एक लांब, काळंभोर, सांध्यांशी जरा वाकलेलं बोट सावकाश काहीतरी लिहितं आहे, असा भास मला होतो. मिस अर्लीन यांच्या व्हरांड्याचा लाकडी कठडा म्हणजे वसंतातली त्यांची पाटी. बोलता बोलता एखादा शब्द अडला, पटला किंवा खुपला, की त्या तो परागावर लिहायच्या, मान तिरकी करून त्याच्याकडे पाहायच्या आणि तळव्याच्या एका फटक्यात पुसून टाकायच्या. मग तो पिवळा झालेला तळवा मांडीवर उपडा ठेवून समोरच्या शाळेकडे बघत बसायच्या.

समोरची शाळा म्हणजे लाल विटांची एक लांबट, बैठी इमारत. मॉरिसव्हिल या गावाच्या पलीकडे, तांबड्या मातीच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या त्या काळ्या लोकांच्या वस्तीतली मुलं तिथे शिकली होती आणि मिस अर्लीन यांनी त्यांना व्याकरण शिकवलं होतं. पुढे गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायचं ठरलं, तेव्हा मुलं गावातल्या मोठ्या शाळेत गेली. मिस अर्लीन यांच्यासाठी मात्र तिथे वर्ग निघाला नाही. इमारतीला कुलूप लागलं, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. तरी संध्याकाळचं तिरपं ऊन त्या विटांवर पडलं की भिंत आतून पेटल्यासारखी दिसायची, आणि मिस अर्लीन यांचा चेहरा, दिवा लागलेल्या घराकडे बघणाऱ्या माणसाचा असतो, तसा क्षणभर निवळायचा.

आता त्या काळातल्या माझ्याविषयी सांगायला हवं, आणि हसू न येता ते सांगणं मला या वयात जमत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेली, नागपूरहून इंग्रजीचं सुवर्णपदक घेऊन आलेली, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून विद्यापीठाच्या पायऱ्या चढणारी ती बया जगातलं सगळं वाङ्मय आपल्याच परीक्षणासाठी ताटकळलं आहे अशा थाटात वावरायची. नागरी हक्कांच्या लढ्यातल्या सामान्य माणसांच्या पत्रांमधली मन वळवण्याची कला, असा तिच्या प्रबंधाचा विषय होता. तिच्याजवळ तीन रंगीत पेन्सिली होत्या: भावनेला केलेल्या आवाहनाखाली तांबडी रेघ, तर्काखाली हिरवी, आणि लिहिणाऱ्याच्या विश्वासार्हतेखाली निळी. माणसांच्या टाहोला असं तीन रंगांत वाटून झालं की तिला गाढ झोप लागायची. पहिल्याच भेटीत तिने सुवर्णपदकाची हकिकत सांगितली, तेव्हा मिस अर्लीन यांनी फार आस्थेने विचारलं होतं, “जड असतं का गं ते, बेबी?” आणि ही वेडी त्याचं वजन आठवत बसली होती.

मिस अर्लीन यांना ‘मिस’ म्हणायचं, हे मला त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी शिकवलं. इथल्या रिवाजात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लागतं, तिला पणतवंडं का असेनात. आपल्याकडच्या काकू-मावशीसारखंच ते. मात्र काकू-मावशीत मांडीवर डोकं ठेवायची जी मुभा असते, ती या बाईंच्या बाबतीत गृहीत धरता येत नव्हती. ताठ पाठ, इस्त्रीची पांढरी कॉलर, आणि वाक्य संपवताना शेवटचा वर्ण हलकेच खाली ठेवणारा आवाज, जणू काचेचं भांडं फळीवर ठेवताहेत. त्यांच्या समोर अर्धं वाक्य बोलून सोडून देण्याची सोय नव्हती. त्या थांबायच्या. उरलेलं अर्धं आणून देईपर्यंत थांबायच्या.

त्यांची पत्रं टोपीच्या गोल खोक्यात होती. रविवारच्या जांभळ्या टोपीखाली, कार्बन कागदावरच्या निळसर नकला. साठच्या दशकात त्यांनी शिक्षणमंडळाला, रस्तेखात्याला, गावातल्या वाचनालयाला, वर्तमानपत्राच्या संपादकाला लिहिलेली: थंडीत शाळा उबदार ठेवणाऱ्या भट्टीसाठी, फाटक्या क्रमिक पुस्तकांसाठी, वाचनालयाचं पुढचं दार सगळ्यांना उघडं असावं म्हणून, आणि अखेर शाळा बंद होऊ नये म्हणून. ते कागद उन्हाकडे धरले की आरपार दिसायचे. कांद्याच्या पापुद्र्यासारखे तलम, आणि अक्षरांच्या कडा काळाने थोड्या पसरलेल्या. उत्तरं त्या खोक्यात नव्हती. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “जागा पुष्कळ ठेवली होती त्यांच्यासाठी.”

सुवर्णपदकवालीचं घोडं एका फार लहान शब्दाशी अडलं. पत्रांत जागोजाग ‘वुई’ होता. तो तिच्या इंग्रजी कानाला काही त्रास देत नव्हता, पण टिपणं ती मराठीत काढायची, आणि मराठीत आल्याबरोबर प्रत्येक ‘वुई’ दारात उभा राहून विचारायचा, मला कुठे बसवतेस? ‘आम्ही’मध्ये, की ‘आपण’मध्ये? ‘आम्ही’ म्हटलं तर समोरचा माणूस उंबऱ्याबाहेर, ‘आपण’ म्हटलं तर आत. मी बेधडक सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं. दुसरं काय लिहिणार? एका बाजूला काळ्या वस्तीतली शिक्षिका, दुसऱ्या बाजूला गोऱ्या साहेबांचं मंडळ. ‘आपण’ला तिथे बूड टेकायला जागा दिसत नव्हती. तरी शंका म्हणून एका दुपारी, व्हरांड्यात, मी त्यांना हे दोन शब्द समजावून सांगितले.

त्या झुलत्या खुर्चीत पुढे सरकल्या. व्याकरणाचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांत मांजरासारखी चमक यायची.

“म्हणजे तुमच्याकडे दोन आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि आम्हाला एकावर भागवावं लागतं. दुसरा कसा म्हणायचा?”

“आपण.”

“आपन,” त्यांनी चव घेतली. “समोरच्याला धरून.”

“हो. आणि कुणाला फारच मान द्यायचा असेल, तर त्या एकट्या माणसालाही आम्ही आपणच म्हणतो.”

खुर्ची थांबली. “मान द्यायला तोच शब्द आणि आत घ्यायला तोच?”

“हो.”

त्यांनी कठड्यावरच्या परागात रोमन अक्षरांत तो शब्द लिहिला. मग खोक्यातला एक कागद घेतला, दुसरा घेतला, आणि एकेका ‘वुई’वर बोट टेकवत गेल्या. आपन. आपन. हाही आपन. मी हुज्जत घातली, अर्थातच घातली. शाळा बंद करू नका म्हणून लिहिलेल्या पत्रातलं ‘आपण फार वाट पाहिली आहे’ कसं बरोबर ठरेल? वाट तुम्ही पाहिलीत, त्यांनी कुठे पाहिली?

“त्यांनीही पाहिली, शुगर. कशाची, ते त्यांना कळलं नाही.” आणि मग, भांडं फळीवर ठेवणाऱ्या त्या आवाजात, “मी सगळीकडे तुमचा हा दुसरा लिहिला. त्यांनी सगळीकडे पहिला वाचला. आणि बघ, तूसुद्धा.”

तळवा फिरला. शब्द गेला.

त्याच उन्हाळ्यात रस्त्याची बातमी आली. मोठ्या संशोधन-वसाहतीकडे जाणारा नवा चौपदरी रस्ता वस्तीच्या कडेने काढायचा होता आणि शाळेची इमारत बरोबर त्याच्या पोटात येत होती. जाहीर सुनावणी होईल, हरकती लेखी द्याव्यात, अशी सूचना विजेच्या खांबावर लागली. ती इमारत म्हणजे मिस अर्लीन यांच्या आयुष्याचा अखेरचा साक्षीदार. तिच्या भिंती गेल्या, तर इथे कर्ता, कर्म, क्रियापद यांची कधी काळी पंगत बसत होती, हे कुणाच्या तोंडून वदवून घ्यायचं?

मी तावातावाने घरी आले आणि जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो स्वभावाने भला, ट्रॅफिकने गांजलेला इंजिनिअर. भातावर वरण घेत म्हणाला, “अगं, पण बिल्डिंग तर बंदच आहे ना? आणि रोड झाला तर आपल्यालाच सोयीचं. रोज एवढं ड्राइव्ह करतो मी. संध्याकाळी लवकर घरी येईन.”

आपल्यालाच. केवढा प्रेमळ शब्द तो, माझ्यासकट आणि पाळण्यातल्या मुलीसकट सगळ्यांना कुशीत घेणारा. मी मीठ वाढलं, पापड मोडला, आणि त्या कुशीच्या बाहेर कोण राहिलं, हे मला लख्ख दिसलं. म्हणजे मंडळाच्या टेबलापलीकडे बसून ‘वुई’ वाचणाऱ्यांच्या रांगेत एक खुर्ची आमच्याही नावाची होती, आणि आम्ही ती उबवतही होतो.

दुसऱ्या दिवशी तीन पेन्सिली घेऊन ही शूर बाई व्हरांड्यावर हजर. पत्र आपण दोघी मिळून लिहू, आधी विश्वासार्हता, मग तर्क, शेवटी भावना. पुनरुक्ती इथे, विराम तिथे. मिस अर्लीन यांनी सगळं ऐकून घेतलं. वर्गातल्या हुशार आणि मूर्ख मुलीचं ऐकावं तसं, कौतुकाने आणि दमून.

“तू म्हणतेस ते सगळं मी करून पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “तूच तर रंगवलंयस.”

पत्र त्यांनी एकट्याने टाइप केलं. यंत्राची घंटी आतल्या खोलीतून दर ओळीअखेर वाजत होती आणि बाहेर रातकिड्यांचा तो कर्कश दक्षिणी सूर वाढत होता. कागद माझ्या हातात आला तेव्हा ऊन विटांवरून उतरलं होतं. जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर. मी त्या इमारतीत शिकवलं. मी तिच्या खिडक्या पुसल्या. मी तिच्याकडे रोज पाहते. ती पडणार असेल तर मला आधी सांगावं. मी सवयीने पेन्सिल काढली आणि ‘वुई’ शोधू लागले. वरपासून खालपर्यंत शोधला. मग पुन्हा. मिस अर्लीन पलीकडे बसून माझं शोधणं पाहत होत्या.

“नाहीये,” त्या म्हणाल्या. “संपला तो.”

एवढी हतबलता मी त्याआधी कुठल्या वाक्यात वाचली नव्हती, आणि त्यात एकही अलंकार नव्हता. ज्या बाईने जन्मभर आपलं घर उघडं ठेवून परक्यांची ताटं मांडली, तिने शेवटी एकच ताट ठेवून बाकीची उचलली होती. माझ्या तिन्ही पेन्सिली त्या कागदापुढे निरुपयोगी होत्या. रंग लावायला पृष्ठभागच त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता.

सुनावणीला आम्ही गेलो. लाकडी बाकं, ट्यूबलाइटचा निळा प्रकाश, मिस अर्लीन यांच्या डोक्यावर जांभळी टोपी. अध्यक्षांनी पत्र मोठ्याने वाचलं, उच्चार चांगले होते. “थँक यू, मॅम,” ते म्हणाले, अगदी मनापासून, आणि पुढच्या विषयाकडे वळले. दुष्टपणा कुणातच नव्हता. तो असता तर पकडायला काहीतरी हाती लागलं असतं. बाहेर पडताना त्या जिना उतरेपर्यंत माझ्या हाताला धरून होत्या. हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा.

शरदात, झाडं गंधकी-तांबडी झाली असताना, भिंती पडल्या. आधी कुणी सांगितलं नाही. मी पोचले तेव्हा हवेत विटांची लाल धूळ होती आणि व्हरांड्यावर मिस अर्लीन यांनी आपली झुलती खुर्ची उलटी फिरवून, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. त्या तशाच बसल्या होत्या, पाठ ताठ, कॉलर पांढरी. कठड्यावर तांबडी धूळ साचली होती. तिच्यावर बोटाने काही लिहिलेलं नव्हतं.

माझा प्रबंध मान्य झाला, गौरवाने झाला. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या प्रकरणावर मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, ‘अत्यंत पटण्याजोगं’. ती पत्रं ज्यांना पाठवली होती त्यांना सोडून बाकी सगळ्यांना पटली. मी प्रत नेऊन दिली तेव्हा मिस अर्लीन यांनी ती चाळली, एक स्वल्पविराम चुकला होता तो दाखवला, आणि टोपीच्या खोक्यात ठेवून दिली. पुढच्या वसंताआधी त्या गेल्या. घर त्यांच्या भाच्याने विकलं. तिथे आता मोटारी धुण्याची जागा आहे.

त्या रस्त्याने आमची गाडी रोज गेली. नवरा खरंच लवकर घरी येऊ लागला. मुलगी सायकल त्याच्याकडूनच शिकली, हेही खरं. परवा नातवाला बास्केटबॉलच्या क्लासला नेत होते. “व्हॉट वॉज हिअर, आजी?” त्याने काच खाली करत विचारलं. मी म्हटलं, “इथे आपली एक शाळा होती.” तो म्हणाला, “आवर स्कूल? यू वेंट हिअर?” मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत सिग्नल सुटला आणि त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं.

घरी येऊन गाडीच्या टपावरच्या परागात मी तो शब्द लिहिला, आ-प-ण, मोठ्या अक्षरात. तळव्याने पुसायचं मुद्दाम टाळलं. वाऱ्याला मात्र असं काही वाटत नाही. दुपारपर्यंत वरून नवा पिवळा थर चढला, आणि माणसं निघून गेल्यावर काळ त्यांच्या जागा जशा भरत नेतो तसा, अगदी हळुवारपणे, त्या तीन अक्षरांची एकेक रेघ बुजवत गेला.