आत बोलायचं नाही

तळघरातल्या त्या खोलीत आम्ही जुन्या हाडांमधून डीएनए काढतो. एका वेळी एकच माणूस आत. दुहेरी हातमोजे, मास्क, टोपी, अंगभर पांढरा झगा. माझ्या पीएचडीची तीन वर्षं तिथेच गेली. आईचा फोन रविवारी येई, "जेवलीस का?"ने सुरू होऊन तिथेच आटपे. बाकी आठवडाभर कोणी माझं नावही घेत नसे.

एका प्राचीन बाईच्या मांडीच्या हाडाचा निकाल आला आणि मी खुर्चीतून उठलेच. त्या उत्खननातल्या इतर कुठल्याच हाडात न सापडलेलं मातृकुळ! प्रबंध एवढ्यावर उभा राहिला असता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं मी रविवार नसताना आईला फोन करून सांगितलं, "दोन महिन्यांत घरी येते."

आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी आपल्या माणसांशी ताडून बघ."

त्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए यादीत ठेवतात, भेसळ पकडायला. ताडलं. हाडातली बाई अक्षर न् अक्षर माझ्याशी जुळली. म्हणजे ती मीच होते. सगळं मुसळ केरात.

"मास्क सैल होता?" मॅडमनी विचारलं.

"खाली ओढला होता."

"का?"

शिंक आली म्हणून थाप मारता आली असती. पण मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"बोलत होते."

"आत? कोणाशी?"

"हाडाशी. रोजच बोलते. मास्कमधून आवाज गुदमरतो."

मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नोंदवही उघडली. तीत 'मास्क नीट बसला नव्हता' एवढंच लिहिलं.

"हाड उरलंय?"

"एकदा पुरेल इतकं."

"कर परत. आणि या वेळी तोंड बंद."

पहिले पाढे पंचावन्न. मी मास्कच्या कडा चिकटपट्टीने गालांना चिकटवल्या आणि उरलेलं हाड खरवडलं. चार तास. जिभेवर आलेलं सगळं गिळलं. किती बोलायची सवय लागली होती ते तेव्हा कळलं, आणि स्वतःची लाज नाही, कीव आली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. कोरा. त्या हाडात माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.