जटेमागची चांगुणा

चांगुणाच्या डोक्यावरची जट कापायला शुभांगीताईंना दोन तास लागले. एक कात्री बोथट झाली, दुसरी आणावी लागली. कमरेपर्यंत लोंबणारं ते जाडजूड ओझं तेरा वर्षं तिची मान खाली ओढत होतं. ते जमिनीवर पडलं आणि चांगुणा रडली, ती चक्क सुखानं.

"मावशी, आजपासून तुम्ही मुक्त झालात," अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी नगरहून आलेल्या शुभांगीताई म्हणाल्या. फोटो काढले, चहा घेतला आणि त्यांची गाडी तिसगावच्या रस्त्याला लागली.

बाई भली होती, यात शंका नाही. पण भल्या माणसांना घाई फार. ही एकटी विधवा इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकली, हे तिनं विचारलंच नाही.

चांगुणाला मूलबाळ नव्हतं. नवरा गेला तसा दीर छगन विहिरीकाठच्या तिच्या दोन एकरांवर टपून बसला. हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा दे म्हणून रोज दारात हजर. त्याच वर्षी तिच्या केसांची जट झाली आणि जट म्हणजे देवीची खूण, म्हणून मंगळवारी बायका ओटी भरायला येऊ लागल्या. पुढच्या खेपेला छगननं कागद काढला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "देवी न्हाई म्हनती." गडी पांढराफटक पडला. त्यानंतर तो बाहेर चपला काढून लांबूनच हात जोडायचा.

जट गेली आणि मंगळवारी कुणीच फिरकलं नाही. चांगुणाला जरा चुटपुट लागली. पण मान हवी तिकडे वळत होती, डोक्यावर पाणी घेता येत होतं. ती स्वतःशीच हसली.

दुपारी छगन आला तो चपलांसकट थेट चुलीपर्यंत. मागोमाग त्याचा मेव्हणा भागवत.

"बरं केलं वैनी. लई वझं हुतं डोक्यावर," म्हणत त्यानं कागद आणि शाईचा पॅड तिच्यापुढं ठेवला.

"देवी..." ती म्हणाली आणि थांबली.

"कुठली देवी?" छगन हसला.

तेरा वर्षं नाही म्हटलं ते देवीनं. चांगुणानं स्वतःच्या नावानं कुणालाच कधी नाही म्हटलं नव्हतं, ना बापाला, ना नवऱ्याला. तिनं कागद परत सरकवला.

"न्हाई," ती म्हणाली. "आता मीच म्हनते. जमीन न्हाई देनार."

आवाज बारीक होता, पण तिचा होता. आपण हे बोललो याचं तिला नवल वाटलं, आणि क्षणभर लई बरंही वाटलं.

छगननं ते ऐकून घेतलं. मग तिचं मनगट धरून भागवतला म्हणाला, "कडी लाव."