कपाळावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना फिल्म होल्डर आहे, आणि माझ्या कपाळावर चाकूने कोरलेली फुली आहे. फुली म्हणजे बाद. ती कशी आली, कोणामुळे आली, हे आजवर मला कोणी विचारलं नाही. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐकून घ्या.

पूर्वी चांगला फोटो काढायचा म्हणजे मोठा लाकडी कॅमेरा तीन पायांवर उभा करावा लागे. पुढे भिंग, मागे दुधी काच, मधे कातडी भाता. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन काचेवर चित्र जुळवायचा आणि मग मला त्या काचेपुढे सरकवायचा. माझ्या पोटात तळहातापेक्षा जरा मोठी फिल्म असते. एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरी. प्रत्येकीवर एक पातळ सरकती झाकणी. झाकणी ओढली की फिल्म भिंगासमोर उघडी होते, फोटो झाला की झाकणी परत आत. भलत्या वेळी उजेडाचा एक कवडसा जरी आत शिरला, तरी सगळं मुसळ केरात. थोडक्यात, माझं काम अंधार सांभाळायचं. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा.

मला घडवणारा सुतार मितभाषी होता. लाकूड दोन वर्षं वाळवून मगच त्याने हात लावला. माझ्या वरच्या फटीशी, जिथून झाकणी आत जाते, तिथे मखमलीची पट्टी बसवताना त्याने श्वाससुद्धा रोखून धरला होता. नंतर मी आमच्या फोटोग्राफरकडे आलो. बारा होल्डरांत माझा नंबर सात. पण महत्त्वाचं काम आलं की त्यांचा हात बरोबर माझ्याकडेच वळायचा. "सात नंबर म्हणजे हुकमी," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी उगाच ताठ बसत असे. होता थोडा गर्व. खोटं कशाला बोलू?

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या झाकणीच्या कडेला पकडायची पट्टी असते. तिची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर असली तर आतली फिल्म कोरी. फोटो काढून झाला की झाकणी उलटून आत घालायची, म्हणजे काळी बाजू बाहेर येते. काळी दिसली की त्या फिल्मला पुन्हा हात लावायचा नाही. या धंद्यात माणूस पहिल्या दिवशी हे शिकतो आणि मरेपर्यंत पाळतो.

एका सकाळी शेजारच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. बरोबर नवरा आणि चार वर्षांची मुलगी. मुलगी बरेच दिवस आजारी होती. त्या दिवशी जरा बरी दिसली म्हणून उचलून आणली होती. फोटोग्राफरांनी तिला दोघांच्या मधे बसवलं. त्यांची शिट्टी ऐकून ती हसली, आणि तेवढ्यात फोटो झाला. लगेच तिला खोकल्याची उबळ आली. फोटोग्राफर हातातली झाकणी घाईघाईने माझ्यात खुपसून पाणी आणायला धावले.

झाकणी उलटायची राहिली. पांढरी बाजू बाहेरच राहिली.

मला कळत होतं. पण मला तोंड नाही, मित्रांनो. मी फक्त अंधार सांभाळू शकतो.

"अजून एक घेऊन ठेवू या," फोटोग्राफर पाणी देत म्हणाले. बाई म्हणाल्या, "नको, दमली ती. पुढच्या महिन्यात आणते परत." पुढचा महिना त्या मुलीला मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मास्तरांचा एकत्र फोटो होता. माझ्यावरची पांढरी पट्टी बघून फोटोग्राफरांनी मला कोरा समजून लावलं. संध्याकाळी डार्करूममध्ये फिल्म धुतली, आणि ते तिथेच स्टुलावर बसले. एकाच फिल्मवर दोन फोटो उमटले होते. शाळेच्या पांढऱ्या भिंतीत आईबाप विरघळून गेले होते. पण मधे बसलेल्या हेडमास्तरांचा कोट काळाभोर होता, आणि त्या काळ्यावर ती मुलगी स्वच्छ उमटली होती. हसू आणि सगळं.

फोटोनंतर अकराव्या दिवशी मुलगी गेली. आणखी काही दिवसांनी तिचे आईवडील फोटो न्यायला आले. आमच्या फोटोग्राफरांच्या हातून आयुष्यात तशी चूक झाली नव्हती. मास्तरांच्या कोटावरचा मुलीचा चेहरा त्या दोघांना दाखवायला त्यांचं मन धजेना, आणि चूक कबूल करायला जीभ रेटेना. त्यांनी मला उचललं. "हा होल्डर फुटका निघाला. आत उजेड शिरला. फिल्म पार काळी पडली, काहीच आलं नाही," ते म्हणाले. आणि खरं वाटावं म्हणून त्यांच्यासमोरच चाकू घेऊन माझ्यावर फुली मारली.

त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

मग मी पेटीत गेलो. सव्वीस वर्षं. वर जुने पडदे, बाजूला मोडके स्टँड. सुरुवातीला मला राग यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसली गत. पुढे रागही मऊ पडला. मखमल मात्र टिकली. सुताराची कृपा.

पेटी उघडली ती फोटोग्राफरांच्या मुलीने. ती बापाच्याच धंद्यात पडली होती. एक कापड गिरणी बंद होणार होती, आणि तिथले माग उतरवण्याआधी त्यांचे मोठे फोटो काढायचं काम तिने घेतलं होतं. बापाचा कॅमेरा तिने दुरुस्त करून घेतला, पण बारांतले उरलेले होल्डर कमी पडत होते. जुन्या बाजारातून तिने चार आणले. त्यांतले दोन, फिल्मच्या आधी वापरत त्या काचेच्या प्लेटसाठी बनवलेले निघाले. दिसायला अगदी आमच्यासारखेच, पण त्यांत फिल्म केसभर मागे बसते, आणि तेवढ्याने सगळे फोटो धूसर येतात. दोन दिवसांची मेहनत वाया गेली तेव्हा तिला हे उमगलं. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायला लागली.

एकेक होल्डर ती हातात घ्यायची. तळहातावर आपटून धूळ काढायची. झाकणी वाकली आहे का, खालच्या बिजागरीची कापडी पट्टी उसवली आहे का, हे नखाने चाचपून पाहायची. मग कपाटात शिरून, दार लावून, होल्डरच्या आतून बॅटरी मारायची. माझी फुली पाहून तिने मला बाजूला टाकलं. मग थांबली, आणि परत उचललं. "उजेड शिरत असेल तर कुठून, ते तरी बघू," असं पुटपुटत तिने माझ्यात फोटोचा कागद भरला आणि मला भर उन्हात गच्चीवर ठेवलं. अर्धा तास ही बाजू, अर्धा तास ती.

कागद धुतला. पांढराशुभ्र. एक डाग नाही.

"बाबा," ती बाहेर येऊन म्हणाली, "हा सात नंबर तर ठणठणीत आहे. फुली कोणी मारली?"

फोटोग्राफर आता म्हातारे झाले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "राहू दे तो. दुसरा घे."

"दुसरा कुठून घेऊ? आणि का?"

त्यांनी तिला शेजारी बसवलं. मग सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. शेवटी उठून औषधांच्या खणातून एक पिवळं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. निगेटिव्ह त्यांनी फाडली नव्हती. त्यांच्याने फाडवली नव्हती, म्हणा.

फोटोग्राफरांच्या मुलीने त्याच दिवशी प्रिंट काढली. फोटोग्राफर म्हणाले, "आता कशाला त्या बाईंची खपली काढायची?"

"खपली त्यांची आहे की तुमची, ते त्यांनाच विचारू या. चला, चप्पल घाला."

मलाही त्यांनी बरोबर घेतलं. शिवणकामाच्या बाई अजून त्याच खोलीत होत्या, खिडकीजवळ मशीन, चष्म्याला दोरा. फोटोग्राफरांनी मला मशीनच्या फळीवर ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं, "याचा काही दोष नव्हता. चूक माझी होती. फोटो आला होता." आणि प्रिंट पुढे केली.

बाईंनी चष्मा पुसला. मला वाटलं, रडतील. त्या कागदाच्या अगदी जवळ वाकल्या. "फ्रॉकला खिसा आहे," त्या म्हणाल्या. "हट्टाने लावून घेतला होता. मी विसरूनच गेले होते बघा खिसा."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ही बाकीची माणसं काढून टाकता येतील?"

"प्रयत्न करते, पण चेहऱ्यावरही डाग पडेल," फोटोग्राफरांची मुलगी म्हणाली. "शाळेतले मास्तर आहेत ते."

"मास्तर?" बाई पुन्हा वाकल्या. "मला शाळेत पाठवा म्हणून रोज रडायची. जूनमध्ये घालणार होतो." बोटाने त्यांनी त्या कोटाची कड चाचपली, कापड चाचपावं तशी. "असू देत मग. राहू देत सगळे."

फोटोग्राफरांनी हात जोडले. "मला क्षमा करा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "माझं ठीक आहे हो. पण तिचे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मला तिचा चेहरा नीट आठवत नाही. गेल्या वर्षी गेले ते. क्षमा त्यांच्याकडे मागायची होती."

परत येताना फोटोग्राफर दोनदा वाटेत थांबले.

मित्रांनो, मी आता पुन्हा कामावर आहे. गिरणीतल्या मागांचे दोन फोटो माझ्या पोटातून निघाले. जुनी वस्तू हातात आली तर तिच्यावर कोणी काय लिहून ठेवलं आहे त्यावर जाऊ नका. स्वतः उन्हात ठेवून पारखा. आणि आपल्या हातून काही बिघडलं, तर बिघडलेलं का होईना, ज्याचं आहे त्याला लवकर नेऊन द्या. मी लाकूड आहे, मी सव्वीस वर्षं पेटीत थांबलो. त्या मुलीचे बाबा पंचवीसच वर्षं थांबू शकले.