नाकातून काढलेली वाट

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-चांदण्या बघायच्या असतील, मित्रांनो, तर माझा काही उपयोग नाही. पेन्सिलीहून बारीक पोलादी नळी, पोटात काचेची भिंगे, शेपटाला दिव्याची तार. मी माणसांच्या नाकात शिरते! नाक मुरडू नका, तिथेही बघण्यासारखे पुष्कळ असते.

माझ्या डॉक्टरीणबाई मला दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. मी भारी फुशारून जाई.

एकदा बेकरी चालवणाऱ्या एक बाई आल्या. बरोबर त्यांची नणंद होती. बाईंच्या डाव्या डोळ्याचे पाणी खळत नव्हते आणि नाकालगत लालभडक गाठ आली होती. दाबली की पू येई.

"गिऱ्हाईक पाव उचलतं, माझ्याकडे बघतं आणि परत ठेवून देतं," बाई म्हणाल्या.

"आणि लोकांना वाटतं, मीच छळते हिला!" नणंद म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी असते, ती बुजलीय. साचलेलं पाणी नासलंय. आपण नाकातूनच नवी वाट काढू. चेहऱ्यावर चीरसुद्धा नको."

"आणि ती बुजली तर?" बाईंनी विचारले.

"काहींची बुजते. मग पुन्हा उघडायची. पण बहुतेकांची टिकते."

माझ्या उजेडात त्यांनी हाडाचा पातळ पापुद्रा अलगद काढला आणि अश्रूंच्या पिशवीला छेद दिला. भळकन पू आला, माझी काच आंधळी झाली. मला पुसून पुन्हा आत घातले, तेव्हा वाट मोकळी झाली होती. आठवड्याभरात गाठ बसली. बाई बेकरीत निःसंकोच उभ्या राहू लागल्या.

पुढे कॅमेऱ्याची नवी दुर्बीण आली आणि माझी रवानगी तपासणीच्या खोलीत झाली. मी हिरमुसले. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षे लोटली की काय होते, ते त्या नवीला थोडेच दिसते? ते मी बघत होते. एका बसचालकाची वाट व्रणाने मिटली होती. ती पुन्हा उघडली, मग टिकली. बाकी बहुतेकांच्या वाटा तशाच खुल्या.

एके सकाळी बेकरीवाल्या बाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. केस पांढरे झाले होते.

"डॉक्टर, पुन्हा पाणी यायला लागलं. पहिले पाढे पंचावन्न!"

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकला आणि मला नाकात घातले. मी श्वास रोखून बघत होते. थोड्याच वेळात पिवळी धार झुळझुळत खाली उतरली.

"वाट ठणठणीत आहे. पाणी एकाच डोळ्याला येतं?"

"दोन्हींना," बाई पुटपुटल्या.

"लेक परदेशी गेली परवा," नणंद म्हणाली. "तेव्हापासून चाललंय."

"मग रडा की पोटभर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं बरोबर खाली जाईल." तिघी हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, डोळा सारखा पाझरत असेल तर अंगावर काढू नका, वेळेवर दाखवा. आणि कधी तपासणीच्या ट्रेमध्ये मी दिसले, तर माझ्या काचेला बोट लावू नका हं. मला अजून कितीतरी जणांची वाट बघायची आहे.